गडग्यावरचा हेलियम

“बाई, अहो बाई! ऐकलंत का? आमच्या विजयदुर्गात पुढच्या आठवड्यात हेलियमचा वाढदिवस आहे.”

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. सुलभावहिनींनी हातातली फुलांची परडी त्या गडग्यावर ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की बातमी मोठी आहे. परडी हातातच राहिली तर विषय सुरमईच्या भावापाशी संपतो. परडी टेकली की अर्धा तास तरी जातो.

“१८ ऑगस्टला असतो बघा, दरवर्षी. किल्ल्यावर शाळेतली पोरं जमतात, पाहुणे येतात, भाषणं होतात. भाचीचा फोन होता, ती सूत्रसंचालन करणार आहे. म्हटलं, तुम्ही सायन्सच्या बाई, चार ओळी लिहून द्याल.”

“चार ओळी कसल्या?”

“हेच की, १८६८ साली लॉकियर साहेब आमच्या किल्ल्यावर आला, कट्ट्यावर दुर्बीण लावली, ग्रहण बघितलं आणि हेलियमचा शोध लावला. साहेबाचे कट्टे आहेत अजून. लहानपणी त्यांच्यावर बसून आम्ही आवळे खायचो. तेव्हा कुणाला ठाऊक, आपण हेलियमवर बसलोय!”

विजयदुर्ग हे वहिनींचं माहेर. त्या गावाबद्दल बोलताना फार जपून बोलावं लागतं. तुळाजी आंग्रे, वाघोटनची खाडी, हापूस, रामेश्वर, यांतल्या कशालाही उणा शब्द चालत नाही. त्यात २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात विजयदुर्ग आहे. तेव्हापासून वहिनींची मान आणखी दोन बोटं वर गेली आहे. पण शाळेत ३० वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला गप्प बसणं जमत नाही, त्याला काय करणार.

“वहिनी, कट्टे खरे. साहेबही खरा. तारीख मात्र दुसऱ्यांची आहे.”

“म्हणजे?”

“१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर लंडनमध्ये होता. युद्धखात्याच्या कचेरीत कारकून होता तो.”

वहिनींनी परडी उचलली. परत ठेवली. मग घराकडे तोंड करून हाक मारली, “अहो, जरा इकडे या! बाई आमच्या हेलियमवर उठल्यात!”

नाना चष्मा कपाळावर चढवून आले. बँकेत जन्म गेला त्यांचा, हिशेब जुळत नसेल तर त्यांना जेवण जात नाही. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाचा होता. “ऑगस्ट म्हणजे श्रावण. ग्रहण सूर्याचं, म्हणजे अमावास्या. श्रावणी अमावास्येला विजयदुर्गावर सूर्य बघायला विलायतेहून कोण शहाणा येईल?”

“श्रावणात ऊन पडतंच की,” वहिनी.

“पडतं. पण ते आपल्या सोयीनं पडत नाही. खग्रास स्थिती असते जेमतेम पाच मिनिटांची. आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला बोट तरी कुठे लागायची? एवढ्या दुर्बिणी नि लोखंडी सामान काय खुष्कीनं आणणार?”

नानांच्या या एका शंकेत निम्मा निकाल आहे, असं माझं मत. ग्रहण पाहायला निघालेला खगोलशास्त्रज्ञ आधी नकाशा बघतो आणि लगेच पावसाचं मान बघतो. म्हणून १८६८ साली जे आले ते सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत गेले. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला गेला. इंग्रज सरकारचा मेजर टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मच्छलीपट्टणला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला.

“जमखंडी? आमच्या पटवर्धनांची?” नानांची आई जमखंडीची.

“तीच. आणि हर्शेल म्हणजे कोण, तर युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू. बाप, आजोबा, सगळं घराणं आकाशात डोळे लावून बसलेलं. जमखंडीला त्याला ढगांनी फार छळलं. पण ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसल्या आणि त्यांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेघाही दिसल्या.”

नाना खूश. आजोळी हर्शेल येऊन गेला, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींचा चेहरा मात्र आणखी उतरला. एका गडग्यावर एकाच्या आजोळाला मान आणि दुसरीच्या माहेराला काट, हे काही बरं दिसेना. म्हणून मी मुळापासून सांगायला घेतलं.

“वहिनी, मी काल फोडणी घातली तेव्हा तुम्ही इथूनच विचारलंत ना, आज कुळथाचं पिठलं का म्हणून? माझ्या स्वयंपाकघरात न येता?”

“लसणीचा वास काय लपतो?”

“तसंच आहे हे. तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात त्याच्या स्वतःच्या ठरलेल्या रेघा असतात. लोलकातून तो प्रकाश पसरवला की त्या दिसतात. सोडियमच्या पिवळ्या, जोडीनं येणाऱ्या. हायड्रोजनची लाल, निळी. म्हणजे सूर्यावर न जाता तिथे काय शिजतंय ते कळतं. १८६८ पर्यंत ही विद्या अगदी नवी होती. किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन जोडीनं ती १८५९-६० मध्ये घडवली. आणि त्यानंतरचं हे मोठं, लांबलचक खग्रास ग्रहण नेमकं हिंदुस्थानावरून जाणार होतं. म्हणून एवढी धावपळ.”

“मग दिसलं ना त्यात हेलियम?”

“पिवळी रेघ दिसली. ती बघितली बऱ्याच जणांनी. पण बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली. पिवळी रेघ म्हटलं की सोडियम, हा तेव्हाचा पाठच होता. त्या दिवशी कुणीही नवीन मूलद्रव्य सापडल्याची दवंडी पिटलेली नाही. जान्सेनला सापडलं ते वेगळंच. रेघा इतक्या झळझळीत होत्या की त्याच्या मनात आलं, या ग्रहण नसतानाही दिसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे १९ ऑगस्टला, त्यानं उघड्या सूर्याच्या कडेवर यंत्र लावलं. दिसल्या! आता सूर्याच्या ज्वाळा बघायला ग्रहणाची वाट पाहायला नको. या शोधाचं मोल तेव्हा हेलियमहून जास्त होतं.”

जान्सेन हा माणूस मला फार आवडतो. १८७० मध्ये पॅरिसला जर्मनांचा वेढा पडला होता आणि डिसेंबरात अल्जीरियात ग्रहण होतं. हा पठ्ठ्या फुग्यात बसून वेढ्यावरून उडाला, अल्जीरियाला पोहोचला. तिथे ढग! हे सांगितल्यावर वहिनी मनापासून हळहळल्या. परक्याच्या फजितीवर हळहळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

“आणि तुमचा लॉकियर?” नानांनी गाडी रुळावर आणली.

“लॉकियर दिवसा कचेरीत आणि सुटला की घरच्या दुर्बिणीपाशी. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्याचं घर. ग्रहणाशिवाय ज्वाळा बघता येतील, ही कल्पना त्याच्याही डोक्यात दोन वर्षं घोळत होती. पण त्यासाठी लागणारं नवं यंत्र बनवणाऱ्यानं उशीर केला.”

“कारागीर तिथेही तसलेच म्हणायचे,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या पडवीच्या खिडक्यांचं काम होळीपासून चालू आहे.

“यंत्र हातात आलं ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याला घरबसल्या त्या रेघा दिसल्या. त्यानं पॅरिसच्या अकादमीला कळवलं. आणि गंमत बघा, जान्सेनचं हिंदुस्थानातून निघालेलं पत्र समुद्र ओलांडत तिथे पोहोचतंय तोवर लॉकियरचीही बातमी येऊन थडकली. दोन्ही पत्रं अकादमीत एकाच बैठकीत आली. आता मान कुणाचा? फ्रेंचांनी शहाणपणा केला. दोघांना दिला. १८७२ मध्ये एक पदक काढलं, त्यावर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी.”

“आपल्याकडे असते तर दोन पदकं, दोन मंडळं आणि दोन गणपती झाले असते,” नाना म्हणाले.

“पण हेलियम?” वहिनी सोडायला तयार नव्हत्या.

“हेलियम लॉकियरचाच. ती पिवळी रेघ सोडियमच्या जोडीच्या अगदी जवळ आहे, पण तिच्यावर बसत नाही, हे त्यानं चिकाटीनं मोजून दाखवलं. फ्रँकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला घेऊन हायड्रोजनवर प्रयोग केले. हायड्रोजनही ती रेघ देईना. तेव्हा हे पृथ्वीवर कुणी न पाहिलेलं मूलद्रव्य असलं पाहिजे, असं त्यानं धरलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला नाव दिलं. रसायनवाले हसले. हातात न येणारं, बाटलीत न भरता येणारं मूलद्रव्य कसलं? २७ वर्षं हे असंच चाललं.”

“२७ वर्षं!”

“१८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅमझेनं लंडनमध्येच युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला. तीच पिवळी रेघ! लॉकियर तेव्हा साठीला टेकला होता. तरुणपणी ज्यावरून लोकांनी वेड्यात काढलं, ते म्हातारपणी खरं ठरलं. त्या २७ वर्षांत तो काही रडत बसला नव्हता. ‘नेचर’ हे विज्ञानातलं जगन्मान्य साप्ताहिक आहे ना, ते त्यानंच ४ नोव्हेंबर १८६९ ला सुरू केलं आणि अर्धशतक चालवलं. आणि हा रॅमझे पुढे हिंदुस्थानात येऊन गेला. जमशेटजी टाटांची विज्ञानसंस्था कुठे काढावी यासाठी त्याला बोलावलं होतं. त्यानं बंगळूर सुचवलं.”

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी हुकमी पान टाकलं. “हे सगळं खरं असेल. पण मग आमच्या किल्ल्यावरचे कट्टे कुणी बांधले? ते काय गुंटूरहून वाहत आले?”

हाच प्रश्न मला हवा होता. कारण विजयदुर्गाची खरी गोष्ट इथे सुरू होते, आणि ती खोट्या गोष्टीपेक्षा पुष्कळ मोठी आहे.

“वहिनी, तारीख लिहून घ्या. शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या.”

“पौषात आकाश स्वच्छ!” नानांचा हिशेब जुळला.

“त्या दिवशी भर दुपारी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावर चढला आणि ईशान्येला महाराष्ट्र तिरका कापत नागपूरकडून पुढे उत्तरेत गेला. किनाऱ्यावरची जागा म्हणून लॉकियरनं विजयदुर्ग निवडला. आता तो सर नॉर्मन लॉकियर झाला होता. हेलियम हातात येऊन तीन वर्षं झालेली. बरोबर आल्फ्रेड फाउलर हा त्याचा सहकारी आणि आरमाराची ‘मेल्पोमीनी’ नावाची युद्धनौका. वेधाचं काम करायला माणसं कमी पडतात, तर बोटीवरचे खलाशीच तालीम देऊन उभे करायचे, ही त्याची रीत. १८९६ च्या ऑगस्टात नॉर्वेमध्ये त्यानं असाच सगळा थाट मांडला होता. ऐन वेळी ढग आले आणि सगळं फुकट गेलं.”

“ऑगस्ट त्याला लाभलाच नाही मग,” नाना.

“विजयदुर्गाला मात्र लाभलं. दोन मिनिटांच्या आसपासची खग्रास स्थिती. लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेच्या वर्णपटाची छायाचित्रं निघाली. तुमचे कट्टे या खटाटोपाचे आहेत. हेलियम शोधायला नाही आला तो, हेलियमचा बाप म्हणून आला.”

वहिनींना हे वाक्य पटलं असावं, कारण त्यांनी परडीतली दोन सोनचाफ्याची फुलं माझ्याकडे सरकवली. तह झाला. पण लगेच दुसरी शंका. “मग ६८ चं कुठून चिकटलं?”

माझा तर्क असा, की लॉकियर, ग्रहण, किल्ला, हेलियम, हे चारही शब्द खरे. फक्त मधली ३० वर्षं गळली. त्यात आणखी एक फोडणी आहे. लॉकियर याआधीही हिंदुस्थानात आलाच होता, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला. आणि तेव्हाही तो समुद्रकाठच्या किल्ल्यावरच होता. केरळातल्या बेकलच्या. किनारा, किल्ला आणि साहेब म्हटल्यावर गोष्टी एकमेकींत मिसळायला कितीसा वेळ लागतो?

“आणि १८ ऑगस्ट वाया गेला असं समजू नका,” मी म्हटलं. “थायलंडमध्ये तो राष्ट्रीय विज्ञानदिन आहे. का, तर तिथल्या मोंगकुत राजानं १८६८ चं हेच ग्रहण स्वतः गणित करून वर्तवलं होतं. इंग्रज आणि फ्रेंच पाहुण्यांना घेऊन तो रानात जाऊन राहिला. ग्रहण बरोबर लागलं. पण त्या दलदलीत राजाला हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला तो गेला.”

“अरेरे,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून ग्रहणात बाहेर पडू नये म्हणतात.”

“डास चावले त्याला, राहू नाही.”

“मला सांगू नका. १९८० चं ग्रहण आठवतंय ना? मी गरोदर. सासूबाईंनी माजघरात बसवून ठेवलं. खिडक्या बंद, दाराला पोतं. विळीला हात लावायचा नाही, पाणी प्यायचं नाही. हे बँकेतून घरी आले तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं म्हणाले.”

१६ फेब्रुवारी १९८०. कारवारच्या खाली अंकोल्याला खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. तेव्हा निम्मा महाराष्ट्र दारं लावून बसला होता, हे मीही पाहिलं आहे. म्हणूनच मला वहिनींना ॲनी माउंडरबद्दल सांगायचं होतं.

“तुमच्यासारखीच गृहिणी होती. म्हणजे तिला केलं होतं गृहिणी. ॲनी रसेल, आयर्लंडची. जन्म १८६८ चा, तुमच्या हेलियमच्याच वर्षातला. केंब्रिजला गणित शिकली, ग्रीनविचच्या वेधशाळेत सूर्याच्या डागांच्या मोजमापाच्या कामाला लागली. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माउंडरशी लग्न केलं. लग्न झालं म्हणून तिला नोकरी सोडावी लागली.”

“आणि त्याची?”

“त्याची राहिली.”

वहिनींनी नानांकडे असं बघितलं की जणू ग्रीनविचची वेधशाळा नानाच चालवत होते. वहिनी लग्नाआधी टपाल खात्यात होत्या. त्यापुढचं सगळ्या आळीला ठाऊक आहे.

“तर ही ॲनी १८९८ साली नवऱ्याबरोबर हौशी खगोलप्रेमींच्या तुकडीतून आपल्या विदर्भात आली. धामणगाव आणि पुलगावच्या मध्ये तळणी आहे ना, त्या तळणीला मुक्काम. ग्रीनविचची सरकारी तुकडी वेगळी, ती मध्य प्रदेशात शहडोलकडे. ॲनीकडे होता एक लहानसा कॅमेरा, दीड इंच भिंगाचा. त्यातून तिनं सूर्याच्या प्रभामंडलाचं असं छायाचित्र घेतलं की त्यातली प्रकाशाची एक शलाका लाखो मैल लांब पसरलेली दिसत होती. एवढी लांब शलाका त्याआधी कुणाच्या काचेवर उमटली नव्हती. सरकारी तुकडीच्या मोठमोठ्या यंत्रांनाही ते साधलं नाही.”

“छान केलं,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निघालेलं ते त्या संध्याकाळचं सगळ्यात समाधानी वाक्य.

आता बोलायला बसलोच होतो, तर पट्टाभर हिंडून आलो. पुलगावला केंब्रिजचा न्यूअल होता. नागपूरजवळ स्कॉटलंडचा राजज्योतिषी कोपलंड. तळणीलाच जॉन एव्हरशेड, जो पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. आणि सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याजवळच्या जेऊर स्टेशनाच्या माळावर तर आंतरराष्ट्रीय जत्राच भरली होती. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल बायकोसह आला होता, ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. जपानहून तुकडी आली होती. आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नेगमवाला.

“हे कोण? पारशी?”

“पारशी. आणि आपल्याला शाळेत ज्यांचं नाव एकदाही सांगितलं नाही ते.” इथे माझा आवाज चढतो, हे मला माहीत आहे. तीस वर्षं मीही पाठ्यपुस्तकाबाहेर फारशी गेले नाही आणि पुस्तकात हे नाव नव्हतं, हा राग आहे तो.

नेगमवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. म्हणजे पुढचं शिवाजीनगरचं इंजिनिअरिंग कॉलेज. भावनगरच्या तख्तसिंगजी महाराजांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली आणि त्यातून कॉलेजात वेधशाळा उभी राहिली, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी होती. पुण्यात! मुठेच्या काठी! आणि या गृहस्थांनी त्या दुर्बिणीतून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ च्या सुमारास खुद्द लॉकियरच्या सिद्धांताला छेद दिला. लॉकियरचं म्हणणं होतं की तेजोमेघातली ती हिरवट रेघ मॅग्नेशियमची आहे, उल्का एकमेकींवर आदळून ती निघते. नेगमवालांनी दाखवलं की रेघ प्रत्येक वेळी धारदारच दिसते, मॅग्नेशियमच्या पट्ट्यासारखी एका बाजूनं विरत जात नाही. तेव्हा साहेबांचं म्हणणं टिकत नाही.

“पुणेकरानं साहेबाला खोडून काढलं, यात नवल काय?” नाना म्हणाले. नाना मूळचे राजापूरचे. पुण्याबद्दल त्यांची मतं सगळी याच घाटाची आहेत.

पण मला त्यात एक वेगळीच गंमत वाटते. ज्या दोन-चार वर्षांत नेगमवाला पुण्यात मृगाकडे दुर्बीण लावून बसले होते, त्याच सुमाराला तिथून हाकेच्या अंतरावर टिळक त्याच मृगावरून वेदांचा काळ मोजत होते. त्यांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये छापला गेला. आणि आपल्या दापोलीजवळच्या मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हेही त्याच काळातलं. ते १८९६ मध्ये बाहेर आलं. असा काळ पुण्याला पुन्हा आला का, मला शंका आहे.

“आणि १८९८ म्हणजे,” नानांनी बोटं मोजली, “टिळक तुरुंगात असणार.”

“होय. आदल्या वर्षी रँडचा खून झाला, टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. जानेवारीत ते आतच होते. चापेकरांचा खटला चालू. पुण्यामुंबईत प्लेग. गावं ओस. आणि या सगळ्यात महाराष्ट्राच्या माळावर जगभरचे ज्योतिषी तंबू ठोकून बसलेले. दीक्षितही त्याच वर्षी वारले, उणेपुरे पंचेचाळिशीचे.”

“नेगमवालांचं पुढे काय झालं?” हे वहिनींनी विचारलं. माणसाचं पुढे काय झालं, हे त्या कधी विसरत नाहीत.

“जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल त्यांनी १९०२ मध्ये छापला. १९१२ ला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाच बंद. सगळी यंत्रं उचलून कोडाईकनालला नेली. माणूस गेला की कपाटाला कुलूप.”

नानांनी दीर्घ श्वास घेतला. निवृत्तीच्या दिवशी त्यांचं टेबलही दुपारीच हलवलं होतं, ते आठवलं असणार.

आता खरं सांगायचं तर दिन, जयंत्या, पुण्यतिथ्या यांचा मला शाळेत असताना वीट आला होता. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला विज्ञानदिन. पहिल्या दिवशी दिंडीतली मुलं दुसऱ्या दिवशी तशीच दमलेली प्रयोगाला उभी. पण २८ फेब्रुवारीबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ती रामन यांची जन्मतारीख नाही, नोबेलचीही नाही. १९२८ साली कोलकात्यात तो परिणाम ज्या दिवशी नक्की हाती आला, त्याच दिवसाची ती तारीख आहे. काम झालं त्या दिवसाची तारीख. स्मरणदिन असावा तर असा. नाहीतर न्यूटन. त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा धरावा तर पंचांग बदललं की तो ४ जानेवारी १६४३ होतो. जन्मतारखांचं काही खरं नसतं. आमच्या पिढीत तर सगळेच १ जूनला जन्मलेले, गुरुजींच्या कृपेनं.

“म्हणजे भाचीला काय सांगू? कार्यक्रम रद्द करा म्हणू?” वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या.

“रद्द कशाला? पोरं किल्ल्यावर जातात, एक दिवस लोलक हातात घेतात, हे काय थोडं आहे? फक्त तिला म्हणावं, खोटं सांगू नकोस. १८ ऑगस्टला गुंटूर सांग, जमखंडी सांग, थायलंडचा राजा सांग. लॉकियर विजयदुर्गाला १८९८ मध्ये आला, हे ठणकावून सांग.”

“आणि मुलं म्हणाली, मग आपल्याकडे शोध लागलाच नाही?”

“मग म्हणावं, शोध एका दिवसात आणि एका किल्ल्यात लागतच नाही. एकानं रेघ बघितली, दुसऱ्यानं ती ओळखली, तिसऱ्यानं २७ वर्षांनी बाटलीत भरली.”

नाना म्हणाले, “मी सांगतो. दोन्ही दिवस करा. ऑगस्टात पावसात भाषणं, जानेवारीत उन्हात प्रयोग. जेवण मात्र जानेवारीत. पोपटी नाहीतर वालाचं बिरडं तरी मिळेल.”

वहिनी परडी उचलून निघाल्या. चार पावलं जाऊन वळल्या. “पण बाई, ती ॲनी, तिचं नाव भाषणात आधी घालायला सांगते. लॉकियर मागून.”

हे मला शंभर टक्के मान्य आहे.

आता तुम्हाला सांगते. विजयदुर्ग, जेऊर, तळणी, पुलगाव, नागपूर, या पट्ट्यातल्या शाळांत कुणी मास्तर किंवा बाई हे वाचत असतील, तर येत्या २२ जानेवारीचा एक तास या ग्रहणासाठी मोकळा ठेवा. तुमच्याच गावच्या माळावर हे झालं आहे. आकाश त्या दिवसांत निरभ्र असतं. साधा लोलक शाळेच्या कपाटात असतोच. आणि फळ्यावर तारखेखाली पहिलं नाव लिहा ते कावसजी दादाभाई नेगमवाला.